निळा निळाच यावा म्हणून

एप्रिल उजाडला की भोकरमधल्या डीटीपीच्या दुकानांत निळ्या रंगाची कामं येऊ लागतात. भीमजयंतीच्या निमंत्रणपत्रिका, व्याख्यानमालेची पत्रकं, पाहुण्यांना द्यायची सन्मानपत्रं. चौकातला मोठा फलक फ्लेक्सवर होतो, त्याचं तंत्र वेगळं. पण शंभर-दोनशे प्रतींचं काम दुकानातल्या कलर लेझर प्रिंटरवरच निघतं. आणि तिथं एक तक्रार ठरलेली असते. "मोबाइलात निळा दिसायलाय, कागदावर जांभळा कामून यायलाय?" असं गिऱ्हाईक विचारतं, आणि त्याचं बरोबर असतं.

पुढं काय होतं ते मी अनेक दुकानांत पाहिलं आहे. कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जातो, मॅजेंटाची पट्टी डावीकडे ओढतो आणि पुन्हा प्रिंट देतो. निळा सुधारतो. पण त्याच पत्रिकेच्या कोपऱ्यात पंचशील ध्वज असतो. त्यातला लाल पट्टा आता विटका दिसतो, केशरी पिवळ्याकडे सरकतो आणि मधल्या छायाचित्रात बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर हिरवट झाक येते. ती घालवायला मुलगा दुसरी पट्टी हलवतो, मग तिसरी. जाड कार्डशीटचे कागद एकेक करून बाजूला पडत जातात. शेवटी "मशीनच असं आहे" म्हणून गिऱ्हाइकाची समजूत काढली जाते.

मशीन तसं नसतं, आणि मुलाचाही दोष नसतो. त्या पट्ट्या अख्ख्या पानावर चालतात, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. स्क्रीन स्वतःचा उजेड टाकते. लाल, हिरवा आणि निळा हे तिचे मूळ रंग. प्रिंटरकडे निळा टोनर नसतोच. त्याच्याकडे सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. निळा करायचा तर सायनवर मॅजेंटा चढवावा लागतो, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात पडले की आपल्या डोळ्याला जांभळा दिसतो. स्क्रीनवरचा भडक निळा आपोआप बदलून घेतला की बहुतेक वेळा हेच होतं. उपाय फाइलमध्ये आहे. कोरलड्रॉमध्ये पत्रिकेतल्या फक्त निळ्या भागाचा रंग उघडायचा, सायन 100 ठेवायचा, मॅजेंटा 70 च्या खाली आणायचा, यलो शून्य. यंत्रागणिक आकडा थोडा मागेपुढे होईल. पण लाल जागच्या जागी राहतो, केशरी राहतो, चेहरा राहतो.

कोणता दोष कुठं दुरुस्त करायचा, या एका प्रश्नासाठी मी हे पुस्तक लिहिलं. रंग बिघडतो तो कागदामुळं, यंत्रामुळं, फाइलमुळं किंवा सेटिंगमुळं. या चारांत सेटिंगच्या पट्ट्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आपल्याकडे मात्र पहिला हात तिथंच जातो.

भोकर तालुक्याचं गाव आहे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं स्टेशन, तेलंगणाची हद्द जवळ. त्यामुळं दुकानात मराठी लग्नपत्रिकेच्या जोडीला तेलुगू आणि उर्दू मजकुराचीही कामं येतात. एकाच यंत्रावर सकाळी सातबारा आणि आधार कार्डाच्या प्रिंट, दुपारी शाळेची प्रशस्तिपत्रकं, संध्याकाळी बारशाची पत्रिका. मोठ्या शहरातल्या छापखान्यात रंगांसाठी वेगळा माणूस असतो, रंग मोजायचं उपकरण असतं. इथं दुकानदारच सगळं. दुरुस्तीचा माणूस नांदेडहून यायचा, तोवर लग्नाची तारीख थांबत नाही. म्हणून ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला ते आतून माहीत असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लास्टिकची अतिशय बारीक भुकटी. 22 ऑक्टोबर 1938 रोजी चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकानं न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत कोरडी भुकटी विजेच्या भारानं पकडून कागदावर पहिल्यांदा अक्षरं उठवली. ती अक्षरं म्हणजे त्या दिवसाची तारीख आणि अ‍ॅस्टोरिया हे नाव. तिथून झेरॉक्स यंत्र आलं, आणि त्या पहिल्या प्रयोगानंतर तीसेक वर्षांनी झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदरनं त्याच क्रियेला लेझर किरण जोडला. तत्त्व आजही तेच आहे. ड्रमवर विजेचा भार चढतो, लेझर हवं तिथला भार उतरवतो, त्या जागी टोनर चिकटतो, तिथून तो यंत्रातल्या फिरत्या पट्ट्यावर आणि मग कागदावर जातो, आणि फ्युजरमधल्या तापलेल्या रोलरखाली वितळून कागदाला धरतो. आजच्या बहुतेक कलर यंत्रांत असे चार ड्रम एका ओळीत असतात.

यातली एक गोष्ट रंगाच्या दृष्टीनं फार मोलाची आहे. रंगवताना पाणी घालून रंग फिका करता येतो, टोनर फिका करता येत नाही. भुकटीचा ठिपका एक तर पडतो किंवा पडत नाही. फिका गुलाबी म्हणजे मॅजेंटाचे बारीक ठिपके आणि त्यांच्या मधून दिसणारा पांढरा कागद. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग मागून आणा आणि छापलेला गाल त्याच्याखाली धरा. तिथं गालाचा रंग कुठंच नसतो. किरमिजी, पिवळे आणि थोडे आकाशी ठिपके असतात, तिरप्या ओळींत बसलेले. सगळा खेळ ठिपका किती मोठा पडतो याचा आहे. ठिपका ठरतो विजेच्या भारावर, आणि तो भार हवेतल्या उष्म्यानं, दमटपणानं, ड्रमच्या वयानं बदलत राहतो. सोमवारी जुळलेला रंग शुक्रवारी हलतो तो यामुळं.

यंत्राला हे माहीत असतं. सुरू झाल्यावर, टोनर बदलल्यावर किंवा ठरावीक पानांनंतर ते आतल्या पट्ट्यावर रंगांचे चौकोन छापून पाहतं, सेन्सरनं त्यांचा गडदपणा मोजतं आणि स्वतःला सावरून घेतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. दुकानात गर्दी असते, यंत्र मिनिटभर घरघरत बसलेलं दिसतं, आणि कुणीतरी बटण बंद करून पुन्हा चालू करतं. असं करू नका. ज्या यंत्राला वर स्कॅनरची काच आहे त्यात आणखी एक सोय बहुधा असते: यंत्र रंगपट्ट्यांचं एक पान छापतं, ते काचेवर ठेवायचं, आणि यंत्र स्वतःचंच पान वाचून दुरुस्ती करतं. मेनूत त्याला कुठं कॅलिब्रेशन, कुठं ग्रेडेशन अ‍ॅडजस्टमेंट असं नाव सापडेल. रंग बिघडल्यासारखा वाटला की सेटिंगच्या पट्ट्यांना हात लावण्याआधी हे पान काढा. पुष्कळदा काम तिथंच संपतं.

रंग डोळ्यावर सोडायचा नाही, तो ठरलेल्या गोष्टीशी ताडून बघायचा, याचं उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. त्या ध्वजाचा केशरी कोणता आणि हिरवा कोणता हे कुणाच्या आवडीवर सोडलेलं नाही. 1951 सालीच ध्वजासाठी मानक ठरलं, पुढं 1968 मध्ये ते सुधारलं. आयएस 1 हा त्याचा क्रमांक. त्यात प्रत्येक रंग आकड्यांनी बांधलेला आहे, आणि त्यात न बसणारा ध्वज चालत नाही. ध्वजाला जो मान आहे तो पत्रिकेला नाही हे खरं. पण ज्याच्या घरचं लग्न असतं त्याच्या लेखी पत्रिकेवरचा कुंकवाचा लाल तितकाच पक्का असतो. आपल्याला आकड्यांचं उपकरण परवडत नसेल. नमुना ठेवणं तर परवडतं.

म्हणून या पुस्तकाचा गाभा एक पान आहे. त्याला मी नमुना पान म्हणतो. ए-फोर आकाराचं हे पान प्रत्येकानं स्वतः तयार करायचं, आपल्या यंत्रावर, आपल्या नेहमीच्या कागदावर, यंत्र नीट असताना छापायचं, मागं तारीख घालायची आणि उजेड लागणार नाही अशा पाकिटात ठेवायचं. पुढं कधीही शंका आली की तीच फाइल तशीच छापायची आणि दोन्ही कागद शेजारी धरायचे. ट्यूबलाइटखाली धरू नका. दिव्यागणिक रंग बदलतो. दुकानाच्या दारात, उन्हात नव्हे तर सावलीत, दिवसाच्या उजेडात बघा.

पानावर काय असावं? बाजारात आणि इंटरनेटवर तयार नमुना पानं मिळतात. त्यांत परदेशी फळं असतात, समुद्रकिनारे असतात, गोरे चेहरे असतात. यामागं एक जुना इतिहास आहे. फोटोच्या फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी एक छापील नमुना देत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असायचा. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणू लागले. 1950 च्या दशकापासून कितीतरी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी त्या एका गोऱ्या कातडीला बरोबर धरून रंग लावले, आणि गडद वर्णाची माणसं त्याच फिल्मवर काळवंडलेली, नाकाडोळ्यांचे तपशील हरवलेली आली. यंत्रानं पक्षपात केला नव्हता. नमुना ज्यानं निवडला त्याच्या डोळ्यासमोर ही माणसं नव्हती.

आपल्या नमुना पानावर म्हणून आपली माणसं हवीत. एक सावळा चेहरा, एक गव्हाळ, एक उन्हातान्हात रापलेला म्हाताऱ्या माणसाचा चेहरा, एक लहान मूल. फोटो घरच्यांचे घ्या, म्हणजे माणूस प्रत्यक्ष कसा दिसतो हे तुम्हाला माहीत असतं. चेहऱ्याचा ढोबळ हिशेब असा: यलो मॅजेंटापेक्षा जरासा जास्त, आणि सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. वर्ण जसा सावळा तसा सायन वाढतो, मग थोडा ब्लॅक येतो. चेहरा लाल मारत असेल तर मॅजेंटा जास्त झालाय. हिरवट असेल तर कमी पडलाय. काविळीसारखा दिसत असेल तर यलो उतरवा.

इथं मला एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. चेहरा सरसकट उजळ करून द्यायची सवय आपल्याकडे फोटो स्टुडिओपासून पत्रिकेपर्यंत भिनली आहे. नवरीचा फोटो आला की न विचारता ब्राइटनेस वाढवला जातो. वर्षश्राद्धाच्या पत्रकासाठी कुणी आजीचा जुना पासपोर्ट फोटो आणतं. तो मोठा करताना आजीही गोरी होते. फोटो बघून नातवंडं म्हणतात, ही आपली आजी वाटत नाही. सावळ्या रंगाचा छापील चेहरा चांगला दिसत नाही ही समजूत कच्च्या छपाईतून आली आहे. मधल्या छटा नीट उघडल्या, गालावरचा आणि कपाळावरचा उजेड वेगळा ठेवला, कुंकवाचा लाल मॅजेंटा आणि यलोच्या पूर्ण ठिपक्यांनी उतरवला, तर सावळा चेहरा कागदावर फार देखणा येतो. माणूस जसा होता तसा छापून देणं ही आपली जबाबदारी आहे. गिऱ्हाइकानं मागितलं तर गोष्ट वेगळी. न मागता करू नये.

चेहऱ्यांच्या खाली रंगांची एक ओळ हवी: जयंतीचा निळा, भगवा, हिरवा, कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा. हळदीचा पिवळा मुद्दाम. नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद पिकते, तिचा रंग इथल्या माणसाला पाठ असतो. तो लिंबासारखा आला की लगेच खटकतो. नुसता यलो 100 दिला की लिंबूच येतो, त्यात थोडा मॅजेंटा लागतो. त्याखाली करड्या रंगाची पायऱ्यापायऱ्यांची पट्टी हवी, फिक्यापासून काळ्यापर्यंत. ही पट्टी सगळ्यांत खरं बोलते. चारही टोनर मिळून केलेला करडा जर गुलाबी किंवा हिरवट दिसला तर यंत्राचा तोल गेलाय, मग बाकीचे रंग कितीही बरे दिसोत.

आणि शेवटी मजकूर, तोही बारीक. आठ पॉइंटातला देवनागरी मजकूर एकदा शुद्ध काळ्यात आणि एकदा निळ्यात छापा, मग गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत. भिंगाखाली शिरोरेषेची वरची कड बघा. चार ड्रमांपैकी एखादा केसभर सरकला असेल तर निळ्या शिरोरेषेला एका बाजूनं आकाशी आणि दुसऱ्या बाजूनं गुलाबी काठ दिसतो. गडद पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांत अनुस्वार बुजतो, रफार रेघेत मिसळतो. इंग्रजी मजकुरात हे इतकं लवकर कळत नाही. आपल्या लिपीत वर रेघ, रेघेवर मात्रा, मात्रेवर टिंब, त्यामुळं ती चांगली साक्ष देते. हा दोष रंगाच्या कुठल्याही पट्टीनं जात नाही. त्यासाठी मेनूत रजिस्ट्रेशन नावाची वेगळी सोय असते.

रंगावर रंग नेमका बसवण्याची ही धडपड महाराष्ट्राला नवी नाही. राजा रवि वर्म्यांनी 1894 मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं दगडावरून छपाई होत असे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद एकेका दगडाखालून पुन्हा पुन्हा जाई. कागद जरा सरकला की लक्ष्मीच्या ओठाचा रंग हनुवटीवर. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच व्यवसायात होते आणि 1909 मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीला गेले होते. त्या कारागिरांनी महिनोन्‌महिने जे हातानं साधलं ते आज यंत्र काही सेकंदांत करतं. नजर मात्र तीच लागते.

कागदाबद्दल दुकानदारांशी माझं नेहमी बोलणं होतं, आणि प्रत्येक वेळी तिथंच घोडं अडतं. ट्रेमध्ये 250 जीएसएमची कार्डशीट असते आणि सेटिंगमध्ये पेपर टाइप 'प्लेन' असतो. यंत्र समजतं की साधा कागद आहे, ते वेगानं जातं, फ्युजरची उष्णता जाड कागदात पुरत नाही, टोनर अर्धवट वितळतो. रंग मळकट दिसतो, नखानं खरवडला की निघतो, पत्रिका घडीवर फुटते. पेपर टाइप 'थिक' केला की यंत्र संथ होतं, आच पुरते, आणि त्याच फाइलचा रंग भरून येतो. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर मात्र लेझरमध्ये कधीही घालू नका. त्यावरचा लेप फ्युजरमध्ये वितळून रोलरला चिकटतो, आणि तो खर्च महिन्याची कमाई खातो.

आपल्या हवेचाही यात वाटा आहे. पावसाळ्यात उघडी राहिलेली रिम ओल धरते. अशा कागदावर विजेचा भार टिकत नाही, भरीव रंगात ढगाळ डाग पडतात, कागद वळतो. मे महिन्यात उलट. हवा इतकी कोरडी की कागद एकमेकांना धरून बसतात आणि दोन-दोन ओढले जातात. रिम फोडली की उरलेला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, रात्रभर ट्रेमध्ये सोडू नका. विजेचंही तसंच. फ्युजर तापताना एकदम जास्त वीज ओढतो, साधा घरगुती इन्व्हर्टर तिथं टिकत नाही.

फाइलबद्दल इथं एवढंच सांगतो, कारण पुढं त्यावर मोठं प्रकरण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं. तेच डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि रंग सांभाळायचं काम एकाच जागी द्या. कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप रंग बदलून देत असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद ठेवा. ड्रायव्हरकडे काम सोपवलं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये बंद ठेवा. दोघांनी आपापली दुरुस्ती केली की एकच रंग दोनदा बदलतो. मग चेहरे तांबूस आणि सावल्या गच्च काळ्या येतात, आणि कारण शोधूनही सापडत नाही. दुसरं असं की काळा मजकूर आणि करड्या रेषा शक्यतो फक्त ब्लॅक टोनरनं छापल्या जातील असं बघा. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये तसा पर्याय असतो. अक्षर स्वच्छ येतं आणि रंगीत टोनर वाचतो.

एवढं सगळं करून जे उरेल त्यासाठी सेटिंगमधल्या त्या पट्ट्या आहेत, आणि तेव्हा त्या खरोखर उपयोगी पडतात. एका वेळी एकच पट्टी हलवा, थोडीच हलवा, प्रत्येक प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं आकडा लिहा. जुळलेली सेटिंग नाव देऊन जतन करा: कार्डशीटसाठी एक, आर्ट पेपरसाठी एक, साध्या कागदासाठी एक. ड्रायव्हरमध्ये ही सोय असते आणि फारच थोडे लोक ती वापरतात.

पुस्तकात कंपन्यांप्रमाणे मेनूची नावं शेवटी दिली आहेत, पण ती प्रत्येक मॉडेलला बदलतात. नाव जुळलं नाही तर वर्णनावरून शोधा. रिफिलच्या पावडरीवर स्वतंत्र प्रकरण आहे. सगळीच पावडर वाईट असते असं माझं म्हणणं नाही. परवडणारा पर्याय नाकारून छोटं दुकान चालत नाही हे मला ठाऊक आहे. मात्र प्रत्येक पावडरीचा रंग आणि वितळायचं तापमान वेगळं असतं, म्हणून पावडर बदलली की जुनं नमुना पान बाद समजायचं आणि नवं छापायचं. ज्यांच्याकडे जयंतीचं किंवा लग्नसराईचं काम दारात येऊन उभं आहे त्यांनी प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. चौथ्या प्रकरणात नमुना पान तयार करण्याची कृती आहे, तिथून सुरुवात करावी, पान छापावं, आणि त्यात जो दोष दिसेल त्याचं प्रकरण मग उघडावं.